सेमिसीची मान

सेमिसी फुकोफुका माझ्याकडे आला तो खांदा दुखतो म्हणून. २००४चा सप्टेंबर होता आणि सांता क्लारामधल्या एका छोट्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये मी नोकरी करत होते. सहा फूट चार इंच उंच, वजन तीनशे दहा पौंड. टेबलावर झोपला की त्याचे दोन्ही दंड कडेच्या बाहेर यायचे. फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी होती. व्यवसायाच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, 'फुटबॉल'.

अमेरिकन फुटबॉलमधलं मला तेव्हा फारसं कळत नव्हतं, पण व्यावसायिक संघाकडे स्वतःचे डॉक्टर आणि फिजिओ असतात एवढं माहीत होतं. मग हा माणूस आमच्याकडे का आला? विचारलं तर म्हणाला, "तिकडे गर्दी असते." 

खांदा तपासला. त्यात विशेष काही नव्हतं. सवयीनं मी त्याचं मधलं बोट धरलं आणि नखावर टिचकी मारली. त्याचा अंगठा आपोआप आत वळला. दुसऱ्या हाताचाही वळला. मानेतल्या मज्जारज्जूवर दाब असला की असं होतं. नागपूरला कॉलेजात ही खूण शिकले होते. नोकरीच्या अकरा वर्षांत दोनदाच पाहिली होती आणि ते दोन्ही पेशंट साठीच्या पुढचे होते. सेमिसी सव्वीस वर्षांचा होता.

"सेमिसी, खांद्याचं राहू दे. मानेला मार लागला होता का?"

"रोजच लागतो," तो हसून म्हणाला.

"हातपाय कधी बधिर झाले होते? चारही, एकदम?"

त्याचं हसू गेलं. तो उठला, खोलीचं दार लावलं आणि पुन्हा टेबलावर बसला.

ऑगस्टमधल्या सरावात ते झालं होतं. तो गार्ड. म्हणजे चेंडू त्याच्या हातात कधी येतच नाही. मागे उभ्या असलेल्या खेळाडूकडे जे धावून येतात, त्यांना डोक्यानं, खांद्यानं, छातीनं अडवायचं, हेच त्याचं काम. त्या दिवशी समोरच्याचं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर आदळलं आणि तो खाली गेला. वर आणखी चौघं पडले.

"मला वाटलं, ओझ्यामुळे हलता येत नाही," तो म्हणाला. "मग एकेक जण उठला. अंगावर कुणीच उरलं नाही, तरी मी हलत नव्हतो. मानेखाली मी नव्हतोच, मीना. आकाश दिसत होतं, कोच ओरडतोय ते ऐकू येत होतं. मी मनात आकडे मोजत होतो. अकराला पायात मुंग्या आल्या आणि मी उठलो. सगळ्यांना वाटलं, दमलोय."

"कुणाला सांगितलंस?"

"तुला."

मी त्याला स्पष्ट सांगितलं. मान मोडायला फार मोठी धडक लागणार नाही. पुढच्या वेळी अकराला मुंग्या येतीलच असं नाही. एकवीसलाही येणार नाहीत कदाचित, जन्मभर येणार नाहीत. त्याच दिवशी मी त्याच्या डॉक्टरांना रिपोर्ट पाठवला, फोनही केला. त्यांनी तातडीचा एमआरआय लिहून दिला. सेमिसी गेलाच नाही. डॉक्टरांच्या ऑफिसातून त्याला चार निरोप गेले, त्यानं एकही फोन परत केला नाही.

माझ्याकडे मात्र दर मंगळवारी यायचा. मी त्याच्या मानेला हात लावणार नाही म्हणाले, तर म्हणाला, "नको लावूस. फक्त तपासून सांग, वाढलंय का." नाही म्हटलं असतं तर तो कुठेच गेला नसता. म्हणून मी तपासत राहिले.

त्या मंगळवारांमध्ये मला त्याची हकीकत कळली. टोंगा नावाच्या देशात, लिफुका नावाच्या बेटावर त्याचा जन्म. सायकलवरून तासाभरात बेट संपतं, असं तो सांगायचा. अकराव्या वर्षी त्याला काकाकडे, इथून जवळच्या ईस्ट पालो आल्टोला पाठवलं. इंग्रजी येत नव्हतं, अंगानं मात्र वर्गातल्या सगळ्यांच्या दुप्पट. शाळेच्या कोचनं त्याला मैदानावर नेलं आणि तिथे पहिल्यांदा कुणीतरी त्याला शाबास म्हणालं. कॉलेजमधून खेळाडू निवडताना एकाही व्यावसायिक संघानं त्याचं नाव घेतलं नाही. २००१मध्ये चाचणी देऊन तो संघात शिरला. दोन वर्षं नुसता सरावापुरता होता. दर सोमवारी काढून टाकलेल्यांची यादी लागायची आणि तो ती दुरून वाचायचा, जवळ जायचं धाडस होत नसे. २००३मध्ये संघातला मुख्य गार्ड जखमी झाला आणि याला जागा मिळाली.

"त्याची मान नाही, गुडघा दुखावला होता," सेमिसी म्हणाला. "तीन आठवड्यांनी तो बरा होऊन आला, पण त्याची जागा गेली होती. मीच घेतली होती ना!"

एकदा मी विचारलं, "मैदानावर भीती नाही वाटत?"

"खेळ सुरू व्हायच्या आधी एक हात जमिनीवर टेकवून वाकतो आम्ही," तो म्हणाला. "हात टेकला की मी आधी बघतो, गवत टोचतंय का. आताशा टोचत नाही. मग मला कळत नाही, हात खरंच खाली टेकलाय की नाही. तेवढ्यात समोरचा अंगावर येतो."

हे ऐकल्यापासून रविवार मला नकोसा झाला. टीव्हीवर सामना लावायचे आणि बघवायचं नाही. माझा नवरा चारुदत्त हातात चहा घेऊन सोफ्यावर, मी स्वयंपाकघराच्या दारात. त्या गर्दीत मी फक्त एकच पाठ शोधायचे. शिट्टी वाजली की ढीग सुटायचा, आणि ती पाठ उभी राहीपर्यंत मी दारातून हलायचे नाही. ऑक्टोबरच्या एका सामन्यात तो उठलाच नाही. कॅमेरा दुसरीकडे गेला, मग जाहिराती लागल्या. जाहिराती संपल्या तेव्हा तो आपल्या जागी वाकलेला होता.

"मी सांगते त्याच्या संघाला," मी म्हणाले.

चारुदत्तनं टीव्हीचा आवाज कमी केला. "मीना, प्लीज, नीट विचार कर. पेशंटची माहिती त्याच्या परवानगीशिवाय द्यायची नाही, हे तूच मला समजावलं होतंस. कंप्लेंट झाली तर लायसन्स जाईल. लायसन्स गेलं की जॉब, जॉब गेला की व्हिसा."

तो खोटं बोलत नव्हता. २००१च्या मंदीत त्याची नोकरी गेली तेव्हापासून तो माझ्या व्हिसावर होता, आमची मुलगी अनिकासुद्धा. ती तिसरीत होती. ग्रीन कार्डचा अर्ज अडकलेला. मी संघाला फोन केला नाही. पण आता एका भीतीच्या दोन झाल्या होत्या आणि त्यातली कुठली मोठी, हे मला ठरवता येत नव्हतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याची बायको क्लिनिकमध्ये आली. लोसा तिचं नाव. कडेवर आठ महिन्यांची मुलगी. रिसेप्शनला काही न विचारता ती सरळ माझ्या खोलीत आली.

"तू मीना का? तो दर मंगळवारी तुझ्याकडे येतो. त्याच्या गाडीत तुझं अपॉइंटमेंट कार्ड मिळालं. मला तो सांगतो, मीटिंग असते."

"बस ना, लोसा."

"बसायला नाही आले. तो मुलीला उचलत नाही. ऑगस्टपासून एकदाही नाही. ती रडते, त्याच्याकडे हात पसरते, तर हा खोलीतून निघून जातो. पहिले पाच महिने त्यानं तिला खाली ठेवलं नव्हतं. आमच्यात बाप असं वागत नाहीत." तिचा आवाज चिरकला. "दुसरं कुणी आहे का? की त्याला काही झालंय? मला काय ते सांग. मला आता काहीही चालेल."

तो का उचलत नव्हता, ते मला त्या क्षणी कळलं. हातातून ती निसटेल, याची त्याला भीती होती. 

"मी पेशंटबद्दल बोलू शकत नाही," मी म्हणाले. ती जायला वळली. मुलीनं फ्रॉक घातला होता, पाठीवर चार बारीक बटणं होती. माझं लक्ष तिथे गेलं आणि मी बोलून गेले, "आज घरी गेलीस की त्याला हिच्या फ्रॉकची बटणं लावायला सांग. तू समोर बस आणि बघ."

लोसा तशीच गेली. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. मी सांगितलं होतं की नव्हतं? कायद्याच्या भाषेत याला काय म्हणतात, मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी क्लिनिक उघडायला गेले, तर पार्किंगमध्ये त्याची गाडी उभी. मला बघून तो उतरला आणि माझ्या दिशेनं चालायला लागला. पाय किंचित फाकवून, जपून. आता हा ओरडणार, मालकिणीकडे जाणार, असंच मला वाटलं. 

"तूच सांगितलंस तिला," तो म्हणाला.

मी होकारार्थी मान हलवली.

"एक बटण लागलं नाही, मीना. एकही नाही. वीस मिनिटं मी प्रयत्न करत होतो आणि लोसा एक शब्द बोलली नाही." तो भिंतीला टेकला. "रात्रीच डॉक्टरना फोन केला. नऊ वाजता एमआरआय आहे. लोसा बाळाला मावशीकडे सोडून येतेय. तू पण येशील? त्या नळीत जायची मला भीती वाटते."

पहिल्या दोन अपॉइंटमेंट मी कॅन्सल केल्या आणि गेले. त्याचे खांदे मशीनमध्ये जेमतेम मावले. ठकठक सुरू झाली तेव्हा काचेपलीकडे लोसानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिची बोटं माझ्या हातावर उमटली. माइकवरून त्याचा आवाज येत होता. तो बारीक आवाजात आकडे मोजत होता. अकराच्या पुढे जायचा, पुन्हा एकपासून सुरू करायचा.

सर्जननं फिल्म दिव्यावर लावली आणि आधी दाराकडे पाहिलं. "हा माणूस चालत आला?" मज्जारज्जू दोन ठिकाणी चेपून दोरीसारखा बारीक झाला होता. त्या रविवारी सामना होता. सर्जन म्हणाला, तो खेळला असता तर सोमवारी बहुधा श्वासासाठीही यंत्र लागलं असतं.

सेमिसीनं संघाला तिथूनच, सर्जनच्या ऑफिसातून फोन केला. त्यानं नीट सांगितलं, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ उठला नाही. शुक्रवारी ऑपरेशन झालं, मानेत पट्टी आणि सहा स्क्रू. शुद्धीवर आल्यावर नर्सनं त्याला पायाची बोटं हलवायला सांगितलं. चादर हलली नाही. लोसा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. थोड्या वेळानं उजव्या पायाचा अंगठा हलला, मग डावा. तो पुन्हा कधी खेळला नाही.

माझ्या मालकिणीला, मालिनी सबनीसबाईंना, मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. त्या मुंबईच्या, कडक. पूर्ण ऐकून घेतलं आणि लेखी ताकीद दिली. "तुझं चुकलं, आणि मी असते तर मीही हेच केलं असतं. दोन्ही खरं आहे," असं म्हणाल्या. पुढे वर्षभर पोस्टात सरकारी लिफाफा दिसला की मी तो चारुदत्तला उघडायला लावायचे. तक्रार कुणीच केली नव्हती.

२००६च्या उन्हाळ्यात सेमिसी कुटुंबासह लिफुकाला गेला. आईसमोर उभं राहायची त्याला ऑपरेशनपेक्षा जास्त भीती वाटत होती. सगळ्या बेटाला ज्याचा अभिमान, तो आता कुणीच नव्हता. परत आल्यावर त्यानं मला फोन केला.

"आई काय म्हणाली?" मी विचारलं.

"काका इथून सामन्यांच्या टेप पाठवायचे. सगळं गाव बघायला बसायचं. आई तेव्हा मागच्या दारानं समुद्रावर निघून जायची. दोन वर्षांत तिनं माझा एकही सामना पाहिला नाही, मीना. कुणाला कळू दिलं नाही. मला म्हणाली, मला वाटायचं मी एकटीच घाबरते, तू तर कशालाच घाबरत नाहीस."

पलीकडे तो रडत होता की हसत, फोनवर कळलं नाही.

आता २००८ संपत आलंय. सेमिसी एका शाळेच्या बस डेपोत काम करतो. सकाळी साडेपाचला कुठली बस कुठे जाणार, ते ठरवतो. डाव्या हाताच्या दोन बोटांना गरम-गार कळत नाही, ते कळणारही नाही. मान पूर्ण वळत नाही, म्हणून कुणी हाक मारली तर तो सगळा वळतो. गेल्या महिन्यात त्यांना दुसरी मुलगी झाली. मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा लोसा झोपली होती आणि तो खुर्चीत बसून होता.

"अजून भीती वाटते," तो हळू आवाजात म्हणाला. "रोज सकाळी डोळे उघडले की आधी पाय हलवून बघतो."

"मग?"

"मग उठतो. डेपोला उशीर होतो."