कल्पेश, खिडकी लाव

सहामाहीचे पेपर तपासताना कृतिकाच्या उत्तरपत्रिकेशी मी अडखळले. प्रश्न हडप्पा संस्कृतीच्या नगररचनेचा होता. उत्तर असं: ‘नगरांची रचना आखीव होती. रस्ते एकमेकांना काटकोनात छेदत. कल्पेश, खिडकी लाव, धूळ येतेय. घरोघरी स्नानगृहे असत. नाहीतर आमच्या वटार गावात बघा, विहिरीचा पंप बिघडला की अख्खं घर पारोसं.’

बोलणं माझंच होतं, शब्दन् शब्द. बोळिंजच्या आमच्या कॉलेजशेजारी टॉवर उभा राहतोय. खिडकीपाशी बसणारा कल्पेश जेसीबी बघायला मिळावा म्हणून खिडकी उघडी ठेवतो आणि ती लावायला मी त्याला दर तासाला सांगते. अकरावीचा इतिहास शिकवता शिकवता मी असं बरंच काही बोलते. बाकीच्या पोरांनी ते लिहिलं तरी पाठ कुणी करत नाही. कृतिकाने ते लिहून घेतलं होतं, पाठ केलं होतं आणि पेपरात उतरवलं होतं. दोन प्रश्नांतच तिचा वेळ संपला आणि पोरगी नापास झाली.

तिचे वडील काशिनाथराव निकालाच्या दिवशी येऊन गेले. माणूस मोजकं बोलणारा. ‘पुढच्या चाचणीत पास झाली तर ठीक,’ ते म्हणाले. ‘नाहीतर कॉलेज बंद. माझ्या भावाच्या साडीच्या दुकानात बसेल. तिथं निदान बडबड कामाला येते.’

मला राग आला. त्यांचा आला, तिचा आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या सुटलेल्या जिभेचा आला. दुसऱ्या दिवशी पुस्तक बाजूलाच ठेवलं.

‘आज नोट्स कशा घ्यायच्या ते शिकायचं,’ मी म्हणाले. सगळ्यांनी तारीख टाकून लिहिलं, आज नोट्स कशा घ्यायच्या ते शिकायचं.

‘मॅडम बोलल्या ते सगळं लिहायचं नसतं.’

तेही लिहिलं.

‘अरे, पेनं खाली ठेवा!’

पहिल्या बाकावरच्या निधीने आधी ‘पेनं खाली ठेवा’ असं लिहिलं, मग पेन खाली ठेवलं. मी कपाळाला हात लावला.

मग पिशवीतून सुकेळी काढली. आमच्या वाडीत सासूबाई अजून करतात. पिकलेली राजेळी केळी सोलायची, मांडवावर उन्हात घालायची, संध्याकाळी झाकून ठेवायची, सकाळी पुन्हा ऊन. वाळून वाळून केळं बोटाएवढं होतं आणि गोडी दुप्पट होते. एकेक तुकडा पोरांच्या हातावर ठेवला.

‘केळ्यातलं काय गेलं?’

‘साल,’ निधी म्हणाली.

‘पाणी,’ कल्पेश खिडकीतून नजर न काढता म्हणाला.

‘आणि उरलं ते केळंच ना? मग माझ्या बोलण्यातलं पाणी वह्यांत कशाला भरता?’

‘मॅडम, अजून एक मिळेल?’ उमंगने विचारलं. ‘म्हणजे नीट समजेल.’

मी फळ्यावर काही लिहिलं नाही, मुद्दामच. तोंडी सांगितलं. आधी ऐका. एक मुद्दा संपला की मी थांबेन, तेव्हा आपल्या शब्दांत एखादी ओळ लिहा. माझे शब्द मला परत नकोत. डावीकडे चांगला रुंद समास सोडा आणि जे कळलं नाही ते तिथे प्रश्न करून टाका. घरी गेल्यावर वही मिटायची आणि काय आठवतं ते मोठ्याने सांगायचं.

आठवड्याभरात वह्या सडपातळ झाल्या. उमंगची तर जरा जास्तच. त्याने सबंध तासाचं सार ‘हडप्पा – चांगले लोक’ असं काढलं होतं. पण कृतिकाची वही होती तशीच. सुकेळी कशी वाळवतात, उमंगने दुसरी कशी मागितली, सगळं तीत आलं होतं.

माझा पारा चढला. ‘तुला दुकानात बसायचंय का गं?’

‘नाही, मॅडम.’ तिचे डोळे भरले. ‘पण कमी लिहायचं तर आईला विचारावं लागेल.’

नोट्स घ्यायला आईची परवानगी! इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच ऐकत होते. म्हटलं, ‘उद्या आईलाच घेऊन ये.’

आई आली. शकू तिचं नाव. माहेर खाडीकाठच्या शेतकरी घरातलं, संसार फुलपाड्यात. वर्गाच्या दारात उभं राहून तिने सगळ्यांवरून नजर फिरवली.

‘ही निधी, पयल्या बाकावरची. ह्यो उमंग, खादाड. आनि खिडकीशी कल्पेश.’ मग माझ्याकडे वळून तिने काळजीने विचारलं, ‘मॅडम, पंप झाला का बरा?’

मी गारच पडले.

‘मना सगळं ठावं हाय,’ शकू हसत म्हणाली. ‘नववीत शाळा सुटली माजी. घरात धाकटी भावंडं, भाताची कामं, मंग कोन पाठवतंय? आता रातचं जेवन उरकलं का मी हिची वही वाचते, पयल्या ओळीपासून. वर्गात बसल्यावानी वाटतं. तुमचं सुकेळीचं पन वाचलं. पन मॅडम, राग नका मानू. सुकेळी पाव्हन्याला द्याला बरी. मना अख्खं केळं लागतं.’

खोटं कशाला बोलू, माझ्या पाणचट विनोदांची फुलपाड्यात कुणीतरी वाट बघतं हे ऐकून मला आधी भलताच आनंद झाला. मग लक्षात आलं. मुलगी पास व्हायची तर तिने कमी लिहायला हवं, आणि तिने कमी लिहिलं की आईचा वर्ग बंद. कृतिका हे कधीपासून एकटीच जाणून होती आणि मी तिला दुकानाची भीती घालत होते.

‘कृतिका,’ मी म्हणाले, ‘वहीत सुकेळीच करायची. केळं आईला तोंडाने सांगायचं. वही तिच्या हातात द्यायची, आपण बघायचं नाही. आणि शकूताई, ही जिथे अडखळेल तिथे तुम्ही समासात प्रश्न लिहायचा.’

‘मी?’ शकूने हात पदराला पुसले. ‘मी लिवू? कॉलेजच्या वहीत?’

‘तुम्हीच.’

त्यानंतर समासात मोठी, चौकोनी अक्षरं उगवू लागली. ‘न्हानीघराचं पानी जायाचं कुठं?’ ‘गटारावर झाकन व्हतं का?’ घरी उत्तर आलं नाही की कृतिका दुसऱ्या दिवशी वर्गात हात वर करी. पूर्वी ती हात वर करायची नाही, लिहिण्यातून हात मोकळाच नसायचा. ‘ती शहरातली मानसं गेली कुठं?’ या प्रश्नाने तर मला घरी पुस्तकं उघडायला लावली. शेवटी सांगितलं की अंदाज पुष्कळ आहेत, पण नक्की कुणालाच माहीत नाही. दुसऱ्या दिवशी समासात उत्तर हजर होतं, ‘मंग शोधा.’

चाचणीत पुन्हा नगररचना विचारली. कृतिकाचं उत्तर सुटसुटीत होतं आणि या वेळी कल्पेश त्यात कुठेच नव्हता. शेवटची ओळ मी दोनदा वाचली. ‘गटारांवरची झाकणे उचलून गाळ काढता येई, म्हणून लोकांच्या दारात पाणी साचत नसे.’ ही ओळ माझी नव्हती. ती मायलेकींनी मिळून काढली होती.

काशिनाथरावांनी निकाल फोनवर ऐकला. ‘बरं,’ म्हणाले, ‘दुकानात सांगतो, दुसरी मुलगी बघा.’

शकू मात्र स्वतः आली. पेपर बघितला, पण दारातून हलेना.

‘मॅडम, एक तास बसू?’

निधी सरकली. शकू पहिल्या बाकावर लेकीशेजारी बसली. ताठ, हातात पेन घट्ट धरून. मी पुढचा धडा सुरू केला. ती लिहीत नव्हती, नीट ऐकत होती. मुद्दा संपल्यावर मी थांबले, तेव्हा तिने एक ओळ लिहिली.

तेवढ्यात बाहेर डंपर रिकामा झाला आणि धुळीचा लोट आत आला. मी तोंड उघडणार, तोच शकू मागे वळली.

‘कल्पेश, खिडकी लाव रं. धूळ येते.’

कल्पेश उठला आणि त्याने वर्षात पहिल्यांदाच खिडकी कडीसकट लावली. सगळा वर्ग हसला. कृतिकाने पेन उचललं, आईकडे पाहिलं आणि काही न लिहिता खाली ठेवलं.