कोर्ट उठेपर्यंत

"इथं," टिपकागद म्हणाला आणि त्यानं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. मी सही केली.

"झालं. हजेरी लागली तुझी. आता आत जाऊन बस, आणि असं तोंड पाडून बसू नकोस. आज तो गुन्हा कबूल करतोय. चार वर्षं ज्याच्यासाठी खेटे घातलेस ना, ते आज होतंय."

"नक्की ना रे?"

"अरे, बोर्ड माझ्या हातात आहे. मला नाही कळणार तर कुणाला कळणार?"

टिपकागद म्हणजे चार नंबरच्या कोर्टातला कारकून. हे नाव माझ्या बायकोनं ठेवलेलं. "भावजींसमोर काहीही सांडा, सगळं शोषून घेतात आणि स्वतः कोरडेच," असं ती म्हणायची. त्याला ते ठाऊक होतं आणि तो हसायचाही. मी दोन नंबरच्या कोर्टाचा शिपाई. एकतीस वर्षं दारात उभं राहून पुकारा करतोय. नाव तीनदा घ्यायचं, माणूस आला तर आत सोडायचं, नाही आला तर आत जाऊन 'गैरहजर' सांगायचं. दुपारी आम्ही दोघं रेकॉर्डच्या खोलीत एकत्र जेवायचो. त्याला बाहेरचं सोसत नसे, म्हणून ती माझ्या डब्यात एक कप्पा त्याच्यासाठी भरून द्यायची. वीस वर्षं दिला. ती गेल्यावर डबा त्याच्या घरून येऊ लागला, एवढाच फरक पडला.

सह्यांचं म्हणाल तर आमच्याकडे दिवसाला चाळीस-पन्नास होतात. फाईल मिळाली, सही. समन्स पोचलं, सही. कारकून बोट ठेवतो, शिपाई सही करतो. वाचत बसलं तर काम कधी उरकायचं?

बायको शाळेत आया होती, सकाळच्या पाळीला. साडेसहाला शाळेसमोर रस्ता ओलांडताना तिला गाडीनं उडवलं. चालवणारा फोनवर बोलत होता, हे दोघांनी पाहिलं होतं. त्यातला एक पुढं म्हणाला की आपलं तिकडे लक्षच नव्हतं. गाडी चालवणारा होता कंत्राटदार. आमच्या इमारतीवरचा नवा मजला त्यानंच बांधला. काम चालू होतं तेव्हा रोज यायचा, शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांशी नावानिशी बोलायचा. माझ्या दारात पंखा नव्हता, तो त्यानं न मागता लावून दिला. मी घरी सांगितलं तर ती म्हणाली, "बघा, एक माणूस तरी निघाला तुमच्याकडे बघणारा."

चार नंबरच्या कोर्टात मी मागच्या बाकावर बसलो. कंत्राटदार उभा राहिला, साहेबांनी विचारलं, त्यानं मान खाली घालून 'कबूल आहे' म्हटलं. आवाज हळू होता. मला वाटलं, चला, निदान म्हणाला तरी. मग त्याचा वकील उठला.

"साहेब, माझ्या अशिलाचं वय, आजवरचं निष्कलंक वर्तन आणि सामाजिक काम लक्षात घ्यावं. शिवाय मयत बाईंच्या पतीचीही आता तक्रार उरलेली नाही. त्यांचं तसं लेखी निवेदन आज फाईलला जोडलं आहे."

माझ्या शेजारच्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. मी सरकारी वकिलाकडे पाहिलं. तो त्याच्या मोबाईलमध्ये होता.

साहेबांनी कागद उचलून वाचला. "'आरोपीने माझी क्षमा मागितली असून मी त्यांना मनापासून माफ केले आहे. त्यांना सौम्य शिक्षा झाल्यास माझी हरकत नाही.' पती हजर आहेत? ही सही तुमची?"

मी उभा राहिलो. "सही माझी आहे साहेब. वरचं माझं नाही."

पुढच्या बाकांवर कोणीतरी हसलं.

"म्हणजे काय?"

"मी वाचलं नाही साहेब. हजेरीची सही म्हणून केली."

"तुम्ही इथंच नोकरीला ना? किती वर्षं झाली?"

"एकतीस."

"एकतीस वर्षं कोर्टात काढलेला माणूस न वाचता सही करतो, हे मी खरं मानू?"

"साहेब, एकतीस वर्षं तेच करत आलोय."

या वेळी कोणी हसलं नाही. साहेबांनी चष्मा काढला. "सही कुणी घेतली?"

मी टिपकागदाकडे बोट केलं. तो साहेबांच्या खालच्या टेबलाशी बसून फायलींच्या कडा जुळवत होता. उठला, हात मागं बांधले.

"साहेब, मी पूर्ण वाचून दाखवलं होतं," तो म्हणाला. "माझे जुने स्नेही आहेत. दुःखात आहेत, विसरले असतील."

हे तो माझ्याकडे बघून म्हणाला असता तरी चाललं असतं. तो साहेबांकडे बघून म्हणाला. काय बोलणार? वीस वर्षं त्याच्या पोटात कुणाच्या हातचं गेलं होतं ते सांगितलं असतं तर त्याची कुठं नोंद झाली असती?

साहेबांनी शिक्षा सांगितली. दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद.

ही शिक्षा आमच्याकडे रोज कुणाला ना कुणाला होते. फुटपाथवर गाडी लावणारा फेरीवाला, विनातिकीट सापडलेला प्रवासी. तुरुंगात जायचं नाही. साहेब दिवसाचं काम संपवून उठेपर्यंत कोर्टातच बसून राहायचं, मग घरी. माणूस मारल्याबद्दल ही शिक्षा झालेली मी पहिल्यांदा पाहत होतो.

घड्याळात साडेअकरा झाले होते. कोर्ट साडेपाचला उठतं. मी मनाशी म्हटलं, सहा तास तर सहा तास. या बाकावर सहा तास तिच्या नावानं बसू दे याला. पाठ अवघडू दे. मीही इथंच बसतो.

चार नंबरच्या शिपायानं आतून गादीची खुर्ची आणली आणि कंत्राटदाराला दिली. मला त्याचा राग आला नाही. अशा लोकांना अशीच खुर्ची मी स्वतः कितीदा तरी आणून दिली आहे, पाणीही विचारलं आहे. फेरीवाल्याला कधी विचारलं नाही.

मग टिपकागद बोर्डावरची, म्हणजे दिवसाच्या यादीतली, एकेक केस काढून तारखा द्यायला लागला. एक म्हातारी पुढं आली.

"अहो बाबू, माझा साक्षीदार तीन गाड्या बदलून आलाय."

"आज वेळ नाही आजी. पुढच्या महिन्यात."

"वेळ नाही? आत्ताशी बारा वाजलेत की!"

"आजी, तारीख लिहून घ्या."

"गेल्या खेपेला साक्षीदार नव्हता म्हणून ओरडलात. आज आणलाय तर याचं काय लोणचं घालू?"

लोक हसले. टिपकागदानं तिला तारीख दिली. तिच्या मागच्याला दिली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाकं निम्मी मोकळी झाली. सुट्टीनंतर तीन किरकोळ अर्ज झाले आणि टिपकागद वळून साहेबांना म्हणाला, "बोर्ड संपला, साहेब."

दुपारचे पावणेतीन वाजले होते. साहेब उठले, सगळे उभे राहिले, साहेब आत गेले. शिक्षा संपली.

कंत्राटदार जाताना माझ्यापाशी थांबला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सांभाळा स्वतःला. काही लागलं तर सांगा." तो खरंच तसं म्हणत होता, यात मला शंका नाही.

मी बाकावर परत बसलो. शिपायानं पंखे बंद केले, खुर्ची आत नेली, एकदा दोनदा माझ्याकडे बघून गेला. मी दोन नंबरला निरोप पाठवला की आज अर्धी रजा लावा. पाचच्या सुमाराला टिपकागद कुलूप घेऊन आला.

"चल ना गड्या. बंद करायचंय."

मी बसूनच राहिलो.

"ऐक माझं. माझ्या जावयाला त्यानं त्याच्या ऑफिसात लावून घेतलंय. पोरीचा संसार आहे. आणि शिक्षा काय, जास्तीत जास्त वर्षभर झाली असती, तीही वर जाऊन सुटली असती. वहिनी असत्या तर त्यांनीही..."

"तिचं नाव काढू नकोस."

त्यानं किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मग इथं का बसलायस?"

"कोर्ट साडेपाचला उठतं."

"अरे, कोर्ट कधीच उठलंय!"

"त्याचं उठलं."

तो दारातच उभा राहिला. आत येऊन बसावं की जावं, हे त्याला ठरवता येईना. कोर्ट लवकर उठलं की तो पाच-वीसच्या गाडीनं घरी जातो, मला ठाऊक आहे. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

"अजून वीस मिनिटं आहेत," मी म्हणालो आणि पाठ सरळ करून बसलो.