एमिनामावशीची तिसरी कॉफी

भाद्रपदातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकरा वाजता, पवनानगरच्या एमिनामावशीचा तिच्याच घरात, तिच्याच हातची कॉफी पिऊन अपमान करण्यात आला. हे आधी लिहिते. कारण पठारांवरचा सोनकीचा पिवळा बहर, धरणाच्या पाण्यावरून विरत जाणारं धुकं आणि लोखंडी कढईत भाजल्या जाणाऱ्या कॉफीचा काळाभोर दरवळ असं सुंदर काही एकदा सुरू झालं, की वाचक डोळे मिटून घेतो आणि अपराध तसाच उघडा पडून राहतो.

तरी दरवळाविषयी लिहावंच लागेल, कारण तोच तिचा पत्ता आहे. वीतभर उंचीचं, गोल, पितळी जातं गुडघ्यांत धरून ती मागच्या दारात बसते आणि त्याचा दांडा फिरवते तेव्हा जी मंद घरघर उमटते, तिच्यात घाई नावाचा पदार्थच नसतो. दळलेली पूड ती तापल्या तांब्याच्या भांड्यात टाकते, वर उकळतं पाणी ओतते, आणि फेस काठापर्यंत चढून थबकतो त्या क्षणी भांडं असं अलगद उचलते, जसं झोपलेलं मूल उचलावं. साखर पेल्यात ढवळायची नाही. साखरेच्या वडीचं टोक कॉफीत बुडवायचं, तेवढंच दातांनी तोडायचं, मग घोट घ्यायचा. मी लहानपणी अख्खी वडी बुडवली होती. "पोलाको गं, पोलाको," ती म्हणाली होती. सावकाश. तिच्या मातृभाषेतला हा एकच शब्द आमच्या अख्ख्या आळीला येतो.

ती बोस्नियाची. डोंगरांमधल्या एका गावातून, नव्वदीतल्या युद्धाच्या वर्षांत, सोळाव्या वर्षी निसटली आणि जर्मनीला पोचली. आमच्या शेजारचा सलीमभाऊ तिथं यंत्रदुरुस्तीच्या कामावर होता. त्याच्याशी लग्न करून ती मावळात आली, मावळचीच झाली; सलीमभाऊ चार वर्षांपूर्वी गेला तरी इथंच राहिली. केस पांढरे होत आले, पण चालणं अजून चढाची सवय असलेल्या माणसाचं आहे. मराठी अस्सल इथली. फक्त 'र' असा उच्चारते, जणू नदीतला गोटा दुसऱ्या गोट्यावर घासला जावा.

तिच्या मुलखात पाहुण्याला तीन कॉफ्या असतात. पहिली आल्याबरोबर, स्वागताची. दुसरी बोलण्याची, तिच्यावर माणसं मन मोकळं करतात, आणि तिच्यावर विचारलेला प्रश्न अनुत्तरित ठेवत नाहीत. तिसरीचा अर्थ सरळ आहे: आता उठा. पाहुण्याला तोंडानं 'जा' म्हणणं हे पाप, म्हणून ते काम कॉफीवर सोपवलेलं. आपल्याकडे समारंभात पानसुपारीचं तबक फिरलं की शहाणा माणूस चपला शोधू लागतो, तसंच. इतकी नाजूक, इतकी सभ्य ही रीत. आणि सभ्यतेला नेहमी सर्वांत आधी तुडवलं जातं, कारण ती ओरडत नाही.

लोणावळ्याचा एक सहलवाला यंदा माणसं बोस्नियाला नेतो आहे. तिथल्या लोकांच्या घरी कसं वागायचं याचा वर्ग त्याला 'खऱ्या बोस्नियन बाईच्या घरी' घ्यायचा होता. धरणाकाठच्या पर्यटकांच्या तंबूंवर मी कचऱ्याविरुद्धची पत्रकं वाटते, म्हणून तो मला ओळखत होता. मीच शब्द टाकला. हा माझा गुन्हा, तोही नोंदवते.

मावशी हसली होती. "पाव्हनं येनार म्हनल्यावर न्हाई कसं म्हनू? फकस्त त्यास्नी सांग, जोडं भायेर काडा. आन् लडाईचं मी काडल्याबिगर कुनी काडू नका."

दोनच नियम. मी ते टाइप करून पाठवले. 'वाचले, ताई, सगळ्यांना पाठवले' असं त्याचं उत्तरही आलं. तेव्हा अज्ञानाची ढाल कुणी पुढे करू नये.

चौदा माणसं आली आणि चौदा जोडी बूट लाल चिखलासकट बैठकीत आले. "बाहेर ओले होतील हो," एक बाई म्हणाल्या, "आणि गेले कुणी उचलून तर?" आमच्या बौद्ध वस्तीतल्या माणसांना उंबऱ्याचा अर्थ कुणी शिकवावा लागत नाही, आमच्या आज्यांनी तो बाहेर उभं राहून शिकून घेतलाय. या सुशिक्षितांना तो लिहून दिला तरी कळला नाही. एका गृहस्थांनी पेला परत सारला: "मला ॲसिडिटी आहे. चहा जमेल? बिनसाखरेचा." मावशीनं चहा केला. येता येता वाकून चिखल पुसला. कुणी पाय उचलले, एवढंच.

दुसऱ्या कॉफीवर त्याच गृहस्थांनी, गावच्या निवडणुकीचा निकाल विचारावा तशा सहज सुरात, विचारलं, "युद्धात तुमच्या घरातले किती गेले?"

खोलीतला प्रकाश तोच होता, पण तिच्या चेहऱ्यावरून तो सरकला. ढगाची सावली तुंग किल्ल्याच्या उतारावरून सरकते तसा, आवाज न करता. ती उठून जाऊ शकत होती. पण ही बोलण्याची कॉफी होती, आणि रीत तिच्या रक्तात होती. तिनं सांगितलं. धाकटा भाऊ, सेनाद. पाव आणायला गेला. परत आला नाही. हाडंसुद्धा अजून सापडलेली नाहीत. ती इतकंच बोलली, आणि तिच्या हातातला पेला बशीवर किणकिणत राहिला. चार फोन वर झाले. ते किणकिणणं चौघांनीही टिपलं.

मग ती आत गेली आणि तिसरी कॉफी घेऊन आली.

"अरे वा, आणखी एक राउंड!"

"म्हणजे आपण आता घरचेच झालो, काय सर?"

सहलवाल्यानं फोन स्वतःकडे वळवला. "बघा मंडळी, बोस्नियात तिसरा कप फक्त जिव्हाळ्याच्या माणसाला मिळतो बरं का!" आणि ते आणखी तासभर बसले. मी तोंड उघडायला गेले तेव्हा मावशीनं माझ्याकडे पाहिलं. पाहुण्याला उठवायचं नाही. रस्त्यावर घसा फुटेस्तोवर घोषणा देणारी मी, त्या एका नजरेपुढं रिकामे पेले गोळा करू लागले.

सोमवारी तो व्हिडिओ आला. थरथरता पेला, तिचे डोळे, सेनादचं नाव, आणि खाली रडकं व्हायोलिन. शेवटी सहलीचे दर.

मी सहलवाल्याला फोन केला. "ताई, एवढं काय त्यात? लोक रडतायत बघून. उलट त्यांचंच नाव होतंय."

"तो काढून टाका."

"काढून कसं चालेल? मी तर म्हणतो त्यांनी तिथं धरणावर कॉफीचा स्टॉल टाकावा. लय चालेल!"

मावशीला मी हे सांगितलं नाही. तिनं व्हिडिओ एकदाच पाहिला, कुणाच्या तरी फोनवर, उभ्यानं. मग म्हणाली, "सेनादला कबर न्हाई. इतकी वर्सं मी त्याला ह्या घरात ठिवला. ह्यांनी त्याला गानं लावलं."

पूर्वी तो तिच्या बोलण्यात सहज येत असे. पिठलं चाखताना, "सेनादनं चार भाकरी खाल्ल्या असत्या." पवनेच्या पाण्याकडे बघत, "सेनाद हितनं पोहून पार गेला असता." ज्याला माती मिळाली नाही, त्याला तिनं अशी वाक्यं दिली होती, आणि त्या 'असता'मध्ये तो एकेक वर्षानं मोठा होत होता. आता ती त्याचं नाव घेत नाही. परवा पिठलं झालं, भाकऱ्या झाल्या, आणि जिथं ते वाक्य यायचं तिथं ती फक्त पाणी प्यायली.

काळ माणसाला नेतो, हे कुणालाच चुकलेलं नाही. पण नेलेल्या माणसाची उरलेली जागा ही ज्याची त्याची असते, आणि तिथं पाय ठेवण्याआधी विचारावं लागतं. तो व्हिडिओ तुमच्यापर्यंत आलाय. तुमच्यापैकी कित्येकांनी तो हळहळून, खाली रडका चेहरा डकवून पुढे पाठवलाय. हे पान बाजूला ठेवा. फोन हातात घ्या. तो पुसा. आणि ज्यांना ज्यांना पाठवलात, त्या प्रत्येकाला फोन करून सांगा की आम्ही चुकलो, तुम्हीही पुसा. उद्या नाही. आत्ता.