महाराणी आणि पाहुणी

आमच्या घरात दोन मांजरी होत्या. महाराणी आईची, पाहुणी दादाची. महाराणी आईच्या शिलाई मशीनशेजारी चिंध्यांच्या टोपलीत झोपायची आणि गिऱ्हाईक आलं तरी हलायची नाही. पाहुणीला दादानं एका संध्याकाळी शाळेच्या दप्तरातून आणलं. कान फाटका, तोरा मात्र घरमालकिणीचा! दोघींचं सुरुवातीला विळ्याभोपळ्याचं सख्य होतं, पण थोड्याच दिवसांत टोपलीतून दोन शेपट्या लोंबायला लागल्या. अजूनही कुठं मशीन खडखडली की मला त्या शेपट्या दिसतात.

मग महाराणीच्या पोटात पाणी झालं. गल्लीतले जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "मांजरांचा कोरोना विषाणू आहे. औषध नाही." ती गेली तेव्हा आई दादाला एवढंच बोलली, "तुझ्या पाहुणीनं माझी महाराणी खाल्ली." आणि पाहुणीला पिशवीत घालून पुलापलीकडे सोडून आली. दादा कितीतरी दिवस तिला शोधत हिंडला. पुढं त्यानं कुठल्याच मांजराला हात लावला नाही.

मी मोठी होऊन जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत लागले. यंदा त्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. दगावलेल्या प्रत्येक मांजराच्या आतड्या-काळजाचा तुकडा मेणाच्या वडीत जपून ठेवायची त्यांना खोड होती. बिस्किटांच्या डब्यांत भरलेल्या त्या वड्या त्यांनी आमच्याकडे पाठवल्या. एकीवर लिहिलं होतं 'महाराणी'. एवढी घोडी झालेली मी, ती वडी हातात घेऊन रडले. मग डोळे पुसून तपासणीला लावली.

निकाल घेऊन रविवारी घरी गेले, तर तिथं आधीच रणधुमाळी. भाचीला, म्हणजे दादाच्या लेकीला, रस्त्यात मांजराचं पिल्लू सापडलं होतं आणि दादा हटून बसला होता.

"माझ्या हातानं आणलेल्या मांजरानं एक जीव घेतलाय. या घरात पुन्हा मांजर नको."

"अरे दगडा, आधी ऐकून तर घे," मी म्हटलं. "हा विषाणू कितीतरी मांजरांच्या आतड्यात असतो. बसतो बापडा गुपचूप. एखाद्या मांजराच्या अंगात तो बदलतो, आतडं सोडून अंगभर पसरतो आणि घात करतो. त्या बदलाची खूण त्याच्या जनुकांत राहते. ती मला महाराणीच्या तुकड्यात सापडली."

"पण तो पाहुणीकडूनच आला ना?"

"साधा विषाणू आलाही असेल. तिच्याकडून, नाहीतर खिडकीत येणाऱ्या कुठल्याही बोक्याकडून. पण जीवघेणा झाला तो महाराणीच्याच अंगात. तसा झालेला सहसा दुसऱ्या मांजराकडं जात नाही. म्हणून तर पाहुणी ठणठणीत होती!"

दादा पन्नाशी उलटलेला माणूस, पण खालचा ओठ दातात धरून बसला, अगदी पाहुणीला शोधून रिकाम्या हातानं परत यायचा तसा. मला त्याची फार दया आली, आणि आईचा रागही आला.

आई मशीनपाशी बसली होती. आता तिच्यानं सुईत दोरा ओववत नाही, तरी बसते तिथंच.

"म्हणजे तिचं काहीच चुकलं नव्हतं," ती म्हणाली. मग दादाकडं बघून तिनं विचारलं, "पुलापलीकडे तिला कुणी घरात घेतलं असेल का रे?"

"घेतलं असेल," दादा म्हणाला. तो धडधडीत खोटं बोलत होता, आणि ते आम्हां तिघांनाही कळत होतं.

आईनं पायाशी पडलेल्या चिंध्या गोळा करून टोपलीत टाकल्या, हातानं दाबून सारख्या केल्या. मग भाचीला म्हणाली, "जा, आण तुझं पिल्लू." भाची दारापर्यंत पोचली तोच तिला थांबवलं. "आणि हे बघ, कुणी विचारलं तर ते मी आणलं म्हणून सांगायचं. पुढं त्याला काही झालंच, तर माझ्या बाबाला कुणी बोलायचं नाही."

दादा लहान असताना आई त्याला 'बाबा' म्हणायची. त्यानंतर आजच.