पानं धरणारी पट्टी

मी बोलतेय ती एक लाकडी पट्टी. वीतभर लांब, दोन बोटं रुंद आणि पाठीवर एक खाच, एवढंच माझं रूप. ज्यांना पत्ते हातात धरता येत नाहीत, त्यांची पानं मी धरते.

माझा जन्म न्यू जर्सीतल्या एका रिहॅब सेंटरच्या सुतारखोलीत झाला. मला घडवणारा पेशंट आयुष्यभर बस चालवत होता. करवत त्यानं पहिल्यांदाच धरली, तीही डाव्या हातात. त्यामुळे माझी खाच जराशी तिरकी आहे. पण तिरकेपणामुळे पानं मागे रेलून बसतात आणि शेजारच्या डोकावणाऱ्याला दिसत नाहीत. डोकावणारे सगळ्या देशांत सारखेच असतात.

माझी मालकीण चैत्राली, मूळची नागपूरची. आली होती इंजिनिअरिंगच्या एमएसला, आणि ते सोडून झाली रिक्रिएशनल थेरपिस्ट. खेळ, बागकाम, गाणं यांतून आजारी माणसाला पुन्हा उभं करायचं हे तिचं काम. रीतसर शिकली, परीक्षा दिली, लायसन्स मिळवलं. ते फ्रेम करून भिंतीवर लावलंय, तरी आपले लोक विचारतातच, "पण तुझं खरं काम काय?"

मीनाक्षीकाकूंनीही हेच विचारलं. त्या आणि शशिकांतकाका सहा महिन्यांसाठी पुण्याहून वेस्ट विंडसरला मुलाकडे आले होते. तिसऱ्याच आठवड्यात काकांना स्ट्रोक आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. आमच्या सेंटरमध्ये आल्यापासून ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. व्यायामाला बोलावलं की डोळे मिटायचे. आणि इथला नियम असा, की जो स्वतः धडपडतो त्यालाच ठेवून घेतात. शुक्रवारी मीटिंग होती. तोवर काही हालचाल दिसली नाही, तर काकांना नर्सिंग होममध्ये हलवणार होते.

"घरी त्यांना काय आवडायचं?" चैत्रालीनं विचारलं.

"काही नाही गं. ऑफिस आणि घर." मग काकू थांबल्या. "रविवारी झब्बू खेळायचो आम्ही. चाळीस वर्षं."

"मग झब्बूच खेळू. तेच माझं काम आहे काकू. लायसन्स आहे माझ्याकडे."

"पत्ते खेळायला लायसन्स? आमच्या गल्लीत सगळे विनालायसन्सच खेळायचे."

कित्येक महिने मी ड्रॉवरमध्ये लोकरीच्या गुंड्यांखाली पडून होते. त्या मंगळवारी चैत्रालीनं मला पुसलं आणि काकांपुढे ठेवलं. डावाला चौघं बसली: काका, काकू, मुलगा अनीश आणि चैत्राली. झब्बू तुम्हाला माहीत असेलच. चालू रंगाचं पान आपल्याकडे नसलं, की दुसऱ्या रंगाचं पान टाकून झब्बू द्यायचा. मग ज्याचं पान सगळ्यांत मोठं, त्यानं खालची सगळी पानं उचलायची. शेवटी ज्याच्याकडे पानं उरतात तो गाढव.

काका जिंकले. पुन्हा जिंकले. तिसऱ्यांदाही. मी टेबलावरच होते, मला सगळं दिसत होतं. काकांना झब्बू बसला, की काकू ती पानं हळूच आपल्याकडे ओढून घेत होत्या. अनीश म्हणायचा, "बाबा, सुपर! मस्त चाललंय." तिसऱ्या डावानंतर काकांनी डाव्या हातानं मला ढकलून दिलं. मी खाली आपटले, पानं खोलीभर झाली.

"टायर्ड झालेत ते. उद्याचं कॅन्सल करू या," अनीश म्हणाला.

चैत्राली मला उचलून काकूंबरोबर बाहेर आली. "काकू, रागावू नका. पण तुम्ही त्यांच्याशी खेळत नव्हता, त्यांना खेळवत होता."

काकूंचे डोळे भरून आले. "अगं, एवढं सगळं हरून बसलाय माणूस. आता पत्त्यांतही मीच हरवू?"

"घरी सोडायचात त्यांना?"

"छे! आणि ते मला सोडायचे होय? गाढव झाले की आठवडाभर चिडवायचे."

"मग ते त्यांना परत द्या. लिंबूटिंबू म्हणून खेळायला कुणाला आवडेल?"

गुरुवारी पुन्हा डाव मांडला. काकांना व्हीलचेअरवर आणलं ते जवळजवळ ओढूनच. बऱ्याच वेळानं त्यांनी माझ्या खाचेतून बदामचा राजा उपसला आणि टाकला. अनीशनं नव्वी टाकली, चैत्रालीनं सत्ती. काकूंकडे बदाम नव्हतं. मग त्यांनी किलवरची दुर्री आपटली.

"झब्बू."

काका बघत राहिले. अनीशचा हात पुढे आला, तो चैत्रालीनं धरून ठेवला. काकांनी डाव्या हातानं एकेक पान उचललं. राजा दोनदा निसटला, तिसऱ्यांदा आला. चार पानं माझ्यात खोचायला चार मिनिटं लागली, आणि त्या चार मिनिटांत कुणीही हात पुढे केला नाही. त्या खोलीतली मदत कुणाला दिसली नसेल, पण मी इतकी मदत कधी पाहिली नव्हती.

डाव संपला तेव्हा सगळ्यांचे हात रिकामे होते आणि माझ्यात अकरा पानं उरली होती. काका गाढव झाले होते. ओठांचा एक कोपरा हलला. पाच आठवड्यांत त्यांनी स्वतःहून शब्द काढला नव्हता.

"वा... वाट."

"काय हवंय? वेट करायचं का, बाबा?" अनीश घाबरला.

काकू रडत रडत हसल्या. "वेट नाही रे. पानं वाट म्हणताहेत."

मीटिंगमध्ये चैत्रालीनं लिहून दिलं, की पेशंटनं स्वतःहून दुसरा डाव मागितला. काकांना ठेवून घेतलं. पुढे दीड महिन्यानं ते काठी टेकत घरी गेले. काकू मला बरोबर मागत होत्या, पण काकांनी मान हलवली आणि डाव्या मुठीत पाच पानांचा पंखा करून दाखवला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण विसरलं जाणं हीच माझी बढती.

सध्या मी शोभामावशींपुढे असते. त्यांची मुलंही तीच चूक करतात, पानं ओढून घेतात. म्हणून सांगते. तुमच्या घरी कुणी आजारातून उठत असेल, तर पानं तुम्ही पिसा, हवं तर वाटाही तुम्हीच. चष्मा द्या, पाठीला उशी द्या. आणि मग, जीव कितीही तुटला तरी, झब्बू द्या.