तिच्याच डोळ्यातला कण

"माझ्या डोळ्यातनं घ्या ना," काताल्दो तिसऱ्यांदा म्हणाला. "माझे दोन्ही धडधाकट आहेत. हिच्या एकुलत्या एक डोळ्याला कशाला हात लावताय?"

डॉक्टर फेरारिनींनीही तिसऱ्यांदा समजावलं. बुबुळाच्या कडेला मूळपेशी असतात, डोळ्यावरचा पारदर्शक पापुद्रा त्याच रोज नवा ठेवतात. पाल्मीराच्या डाव्या डोळ्यातल्या त्या पेशी चुन्यानं जळून गेल्या होत्या. उजव्यातून तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढायचा, प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवायचा आणि तयार झालेला पापुद्रा डाव्यावर बसवायचा.

"दुसऱ्याचा चालत नाही. नवऱ्याचा असला तरी शरीर परका म्हणून हाकलून देतं."

"हे लग्नाआधी सांगायला हवं होतं कोणीतरी," पाल्मीरा म्हणाली. मग तिनं सरळ विचारलं, "उजव्याला धोका किती?"

"अगदी थोडा. पण नाहीच, असं मी म्हणणार नाही."

काताल्दोनं कपाळावर हात मारला. "ऐकलंस? चल घरी."

पाल्मीरा हलली नाही. दरवर्षी संताच्या उत्सवाआधी गावातली निम्मी घरं तिच्या हातून पांढरी व्हायची. डोळा गेल्यावरही इतकी वर्षं तिनं ब्रश सोडला नव्हता. पण एका डोळ्याला शिडीची पायरी कुठे आहे ते नीट कळत नाही. मागच्या वसंतात ती दोनदा पडली, आणि यंदा बायका गोड बोलून "राहू दे गं, पुढच्या वर्षी बघू" म्हणू लागल्या. तिला ते गोड बोलणं शिवीपेक्षा जास्त झोंबलं होतं.

"डॉक्टर," काताल्दो एकदम खालच्या आवाजात म्हणाला, "चुना विझवताना मीच पाणी घाईनं ओतलं. तो उसळला, हिच्या डोळ्यात गेला. नळ चार पावलांवर होता हो. आणि मी घरात धावलो, ऑलिव्हचं तेल आणून ओतलं डोळ्यात. आमच्याकडे भाजलं की तेलच लावतात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "पाणी हवं होतं. लगेच आणि भरपूर. तेलात फार वेळ गेला."

काताल्दोनं मान हलवली. अकरा वर्षं तो पाव कोरडा खात होता. तेलाच्या गावातला माणूस, आणि पावाला तेलाचा थेंब लावू देत नव्हता. का ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, पण पाल्मीराला ते पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

"अरे गाढवा," ती म्हणाली, "'तेल आण, तेल आण' म्हणून बोंबलत कोण होतं? मीच ना?"

"तू कळवळत होतीस. तुझं काय धरायचं?"

"शुद्धीत होते मी! तुझ्या डोळ्यात गेला असता तर मीही तेलच ओतलं असतं. चूक दोघांची आहे, आणि तू एकटाच घेऊन बसलायस. द्या हो डॉक्टर तो संमतीचा कागद."

तिनं सही ठोकली.

पहिला कण वाढलाच नाही. तीन आठवड्यांनी फोन आला, पुन्हा घ्यावा लागेल, नाहीतर इथेच थांबू. काताल्दो स्वयंपाकघरात येरझारा घालत होता. "बस झालं पाल्मी! मला भीती वाटते गं. आहे तोही गेला तर?"

"मलाही वाटते," ती म्हणाली, आणि फोनमध्ये म्हणाली, "मंगळवारी येते."

दुसरा कण रुजला. शस्त्रक्रिया झाली. महिने गेले, थेंब घालण्यात आणि चोळू नकोस म्हणून एकमेकांवर ओरडण्यात. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की आत जुने व्रण आहेत, पहिल्यासारखं दिसणार नाही.

मग एका सकाळी त्यांनी तिचा उजवा डोळा झाकला. भिंतीवरची अक्षरं तिला वाचता येईनात. वरची सगळ्यात मोठी ओळसुद्धा नाही. पाल्मीरानं ओठ घट्ट मिटले.

"घाई नको," डॉक्टर म्हणाल्या. "आणखी काय दिसतंय ते सांगा."

पाल्मीरानं मान खिडकीकडे वळवली. तिथे उजेड होता, आणि उजेडात एक उभा काळसर आकार. ती बराच वेळ बघत राहिली.

"टोपी का काढलीस?" ती म्हणाली. "कोणी मेलंय का?"

काताल्दोनं टोपी डोक्यावर घातली, आणि मग अगदी हळूच पुन्हा काढली.

"परत काढली," पाल्मीरा म्हणाली.