शोधनिबंधातलं शेवटचं वाक्य

पेशींना उपाशी ठेवणं हे धाकटीचं काम होतं. उपाशी म्हणजे अन्नपाण्यावाचून नव्हे. साखर, क्षार, सगळं वेळच्या वेळी द्यायचं, फक्त एक हार्मोन तेवढं द्यायचं नाही. स्तनातल्या काही गाठींच्या पेशींमध्ये त्या हार्मोनसाठी रिसेप्टर असतो. रिसेप्टर म्हणजे काय, असं कुणी विचारलं की धाकटी आधी सुस्कारा सोडायची आणि मग सांगायची, की तो पेशीचा कान आहे असं समजा. हार्मोनचा शब्द त्या कानावर पडला की पेशी वाढायला लागते. धाकटी वर्षानुवर्षं त्या कानांवर शब्दच पडू द्यायची नाही आणि पुढे काय होतं ते बघत बसायची. बहुतेक वेळा काही व्हायचं नाही. संशोधनात माणसाचा जन्म असाच जातो, हे बक्षीस समारंभातल्या भाषणांत कुणी सांगत नाही.

घरात ती अजून धाकटीच होती. केस पिकले, चष्म्याचा नंबर वाढला, हाताखाली माणसं आली, तरी ताई तिला ‘धाकटे’ अशीच हाक मारायची आणि धाकटीही निमूट ओ द्यायची. आई लवकर गेली, तेव्हापासून वेणी घालण्यापासून परीक्षेला सोडायला जाण्यापर्यंत सगळं ताईनंच केलेलं. ताई छापखान्यात मुद्रितं तपासायची. दिवसभर लोकांच्या चुका काढायच्या आणि घरी आल्यावर धाकटीच्या. नोकरी संपून कैक वर्षं झाली तरी औषधाच्या खोक्यावरचा मजकूरसुद्धा ती हातात पेन्सिल घेतल्याशिवाय वाचत नसे. छापून आलेलं म्हणजे कुणीतरी जबाबदारीनं तपासलेलं, असा तिचा ठाम समज होता. जन्मभर डोळ्यांत तेल घालून तेच काम केलेल्या बाईला वेगळं वाटावं तरी कसं?

आणि मग ताईच्याच स्तनात गाठ निघाली. नेमकी रिसेप्टरवाली, धाकटीच्या धंद्यातली. शस्त्रक्रिया झाली, किरणं देऊन झाली आणि पुढची काही वर्षं रोज एक गोळी घ्यायची ठरलं. या वयातही शरीर ते हार्मोन थोडंथोडं बनवत असतं, गोळी ते बनू देत नाही. गाठीचा एखादा कण कुठे दडून राहिला असलाच, तर त्याला खुराक मिळू नये, एवढाच तिचा हेतू. पण गोळीनं ताईचे सांधे धरले. सकाळी उठल्यावर मूठ मिटायची नाही, पेन्सिल धरता यायची नाही, जिना उतरायचा तर दोन्ही हातांनी कठडा धरून. गाठ परवडली, ती निदान दुखत तरी नव्हती, असं ताई म्हणायची. धाकटीला त्यावर हसू यायचं नाही.

यंदा मात्र ताई सुधारली. कठडा सोडून जिना उतरायला लागली, खिडक्यांच्या काचा पुसून काढल्या, एकदा तर धाकटीच्या कोटाचं लोंबणारं बटण बोलता बोलता टाचून दिलं. धाकटीला इतकं हायसं वाटलं, की तिनं कारण विचारलंच नाही. दिवसभर प्रत्येक गोष्टीचं कारण शोधून माणूस घरी येतो, तेव्हा एखादी तरी गोष्ट आपोआप बरी झालेली त्याला हवी असते. धाकटीला ती तशीच हवी होती.

कारण कळलं ते कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून. संध्याकाळी कामावरून परतताना डोकं ठणकत होतं म्हणून ती दुकानात शिरली. त्यानं अगदी आपुलकीनं चौकशी केली, की ताईंचा कोर्स संपला का. त्यांच्या गोळ्या तो दर महिन्याला काढून ठेवायचा, पण उन्हाळ्यापासून कुणी न्यायलाच आलं नव्हतं. आता तर थंडी सुरू झाली होती.  ताईच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून ती तडक जवळच राहणाऱ्या ताईच्या घराकडे वळली. डोकेदुखीची गोळी घ्यायची राहूनच गेली.

ताई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वाटाणे सोलत बसली होती. धाकटीनं पाकिटं तिच्यापुढे ठेवली. ताईनं ती पाहिली आणि हातातली शेंग सोलून पुरी केली. चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याची काही खूण नाही. उलट इतके महिने पोटात ठेवलेलं गुपित एकदाचं सांगायला मिळणार, अशा खुशीत ती उठली आणि आतल्या खोलीतून कागद घेऊन आली.

तो धाकटीचाच शोधनिबंध होता. छापून आला तेव्हा धाकटीनं नेहमीसारखी एक प्रत ताईला दिली होती, चाळून कपाटात ठेवील म्हणून. ताईनं ती वाचली होती. शब्दकोश शेजारी घेऊन, पेन्सिलीनं खुणा करत, तक्त्यांखालच्या बारीक टिपांसकट. दोन ठिकाणी स्वल्पविराम चुकलाय, तोही तिनं आधी दाखवून घेतला. हा निबंध अथपासून इतिपर्यंत वाचणारं जगात दुसरं कुणी असेल असं धाकटीला वाटत नव्हतं. त्या धंद्यातले लोक सारांश वाचतात, आकृत्या बघतात आणि शेवटच्या संदर्भांत आपलं नाव आलंय का ते शोधतात.

निबंधाचं म्हणणं साधं होतं. फार काळ हार्मोनविना ठेवलेल्या पेशींना अचानक थोडं हार्मोन दिलं, तर त्या वाढण्याऐवजी मोठ्या संख्येनं मरतात. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या पेशी, त्याही एकाच प्रकारच्या. हे खरं होतं, धाकटीनं पुन्हा पुन्हा करून पाहिलं होतं. त्यानंतर शेवटचं वाक्य. त्याखाली ताईनं पट्टी लावून सरळ रेघ ओढली होती. ‘या निष्कर्षांवरून असे दिसते, की गोळीच्या उपचारात मधूनमधून खंड दिल्यास रुग्णांना फायदा होऊ शकेल.’

हे वाक्य मूळ मसुद्यात नव्हतंच. नियतकालिकाच्या एका परीक्षकानं विचारलं होतं, की याचा रुग्णांना उपयोग काय. धाकटीचे विभागप्रमुख म्हणाले, घालून टाका एक ओळ, सगळेच टाकतात. आणि खरोखरच सगळे टाकतात. काम उंदरावर करा नाहीतर बुरशीवर, शेवटी एक ओळ रुग्णांच्या आशेची, पत्राखाली ‘आपला विश्वासू’ लिहितात तशी. ती कुणी वाचत नाही. धाकटीनं ती चहा निवेपर्यंत लिहून टाकली होती आणि पाठवण्यापूर्वी पुन्हा वाचलीही नव्हती.

ताई मात्र मन लावून समजावून सांगत होती. इतकी वर्षं गोळीनं कानांना उपाशी ठेवलं, आता गोळीत खंड दिला, म्हणजे उरलेसुरले कण मरतील. दवाखान्यात पुढची तपासणी झाली, निकाल चांगला आला, की मग धाकटीला सांगून चकित करायचं, असा तिचा बेत होता. धाकटीला पुढच्या निबंधाला ते उपयोगीच पडलं असतं.

धाकटीनं खुर्ची ओढली.  बशी वेगळी आणि शरीर वेगळं, इथून तिनं सुरुवात केली. त्या पेशी एका जातीच्या होत्या, त्यांना सांभाळायला पाच माणसं होती, आणि तुझ्या अंगात काय चाललंय हे कुणालाच ठाऊक नाही. कुठे एखादा कण उरला असेल, तर त्याला गेले कितीतरी महिने नुसता खुराक मिळतोय. आजपासून गोळी सुरू कर, उद्या आपण तुझ्या डॉक्टरांकडे जाऊ. ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, की डॉक्टर तिला पाच मिनिटं देतात आणि त्यातली तीन कागद चाळण्यात जातात. धाकटीनं याच गोष्टीला अर्धं आयुष्य दिलं होतं. मग ऐकायचं कुणाचं?

एवढं बोलून तिनं उजवा हात पुढे केला आणि मूठ मिटून दाखवली.

"बघ. सगळी बोटं मिटतात. तू म्हणतेस ती गोळी घेतली की हे परत गेलं."

धाकटीनं मुठीकडे पाहिलं. ही बोटं पुन्हा चालायला लागली तेव्हा तिला किती आनंद झाला होता, ते आठवून तिला स्वतःचाच राग आला.

"मला एकच सांग," ताई म्हणाली. "हे वाक्य लिहिलंस, तेव्हा तुला ते खरं वाटत होतं?"

‘हो’ म्हटलं असतं, तर ताईनं गोळीला हात लावला नसता. ‘तेव्हा वाटत होतं, आता नाही’ हे उत्तरही धाकटीच्या जिभेवर आलं होतं. सोयीचं होतं, दोघींची लाज राहिली असती. पण मधे काय बदललं, हे ताईनं विचारलं असतं आणि ते कुठे छापून आलंय तेही. थापा मारायला बळ लागतं आणि धाकटीकडे ते उरलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "मला काहीच वाटत नव्हतं. तिथं काहीतरी लिहावं लागतं."

ताईनं कागद जवळ ओढला आणि ती ओळ पुन्हा वाचली, ओठ हलवत, कामावर असल्यासारखी.

"सगळे लिहितात?"

"सगळे."

"आणि तपासणारे?"

"ते विचारतात, म्हणूनच तर लिहावं लागतं. ते स्वतःही लिहितात."

ताई रागावेल, निदान टाकून बोलेल, अशी धाकटीची अपेक्षा होती. बोलली असती तर बरं झालं असतं. ताईनं पानं मागे उलटली. कडेनं पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या, अडलेल्या शब्दांचे अर्थ होते. त्या काळात तिची बोटं मिटत नव्हती, तरी अक्षर शक्य तितकं नीट काढलेलं होतं.

"आणि बाकीचं?" तिनं विचारलं.

"बाकीचं सगळं खरं आहे ताई. शप्पथ."

"ते मी कशावरून ओळखायचं?"

धाकटीनं तक्त्यांचं पान उघडलं आणि पुन्हा मिटलं. ताईनं ते पाहिलं. मग उठून पेल्यात पाणी घेतलं, पाकिटातली एक गोळी काढली आणि उभ्यानंच गिळली. पेला विसळून जागेवर ठेवला.

"गोळी घेईन. रोज घेईन, त्याची काळजी करू नकोस. उद्या दवाखान्यातही येते." ताईनं निबंधाची पानं टेबलावर आपटून सारखी केली आणि धाकटीपुढे सरकवली. "पण धाकटे, यापुढे तुझं छापलेलं मला आणून देऊ नकोस."

धाकटी बरं म्हणाली. ताई पुन्हा खुर्चीत बसली आणि तिनं शेंगांचा अर्धा ढीग धाकटीच्या बाजूला लोटला. धाकटी सोलायला लागली. शाळेतल्या पहिल्या निबंधापासून तिनं लिहिलेलं प्रत्येक अक्षर ताईच्या नजरेखालून गेलं होतं, आणि यापुढे ते जाणार नव्हतं.